चहाच्या आधीचा फोन

अक्का, तुझं तेरावं उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मी आता तुझ्याशी भांडायला बसलोय. आत्ताच गोळी घेतली. चहाला अजून तास आहे. हा तास आपला होता. तू तिकडे दिलसुखनगरला, मी इकडे बेगम बाजारात, दोघं भाऊ-बहीण पहाटे थायरॉईडची गोळी पोटात टाकून चहाची वाट बघत फोनवर बसायचो. इतकी वर्षं बसलो. आता या तासाचं काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून बोलतोय. तू मधे तोंड घालणार नाहीस, एवढाच फरक. आणि तोच सहन होत नाही.

आज दुपारी माझ्या गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट मिळणार आहे. मला भीती वाटते. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. दिवसभर मिरचीच्या पोत्यांमध्ये उभा राहून हमालांवर आवाज चढवणारा माणूस मी, पन्नाशी ओलांडलेला, आणि सकाळी आरशात स्वतःचा गळा बघायला घाबरतो. हल्ली आरशाकडे पाठ करून, हाताच्या अंदाजानं दाढी करतो. परवा हनुवटीखाली कापलं. शोभा म्हणाली, "असली कसली दाढी करायलात? दिवे लागलेले असताना आंधळ्यासारखी?" बायकोला काय सांगणार?

तुला आठवतं का, माझा आजार तू ओळखला होतास. डॉक्टरनं नाही, तू. वैशूचा साखरपुडा होता. तुझ्या लेकीचा साखरपुडा, घरभर माणसं, आणि तू मला दारातच अडवून सगळ्यांसमोर माझ्या गालावर उलटा हात ठेवलास. मी त्या दिवसांत पोत्यांवर टेकलो की तिथंच झोपायचो. एप्रिलमध्ये मला थंडी वाजायची. भाव विसरायचो, गिऱ्हाइकांची नावं विसरायचो. आवाज घोगरा झाला होता. मी सगळ्यांना सांगायचो, मिरचीची धूळ आहे, आमच्या धंद्यात गळा असाच बसतो. सगळ्यांना पटायचं, मलाही पटलं होतं. तू गालावरचा हात काढलास आणि म्हणालीस, "दिगू, तुझा चेहरा माझ्यासारखा झालाय."

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी म्हणालो, "अक्का, हा तर बायकांचा आजार आहे. बाजारात कळलं तर लोक हसतील." तू केवढी हसलीस तेव्हा. "त्या ग्रंथीला काय माहीत तू बाप्या आहेस ते," असं म्हणालीस. मग ठरलं की कुणाला सांगायचं नाही. शोभाला मी सांगितलं, पित्ताची गोळी आहे. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुझा पहिला फोन आला. "गोळी घेतली का?"

तूच तर मला सगळं शिकवलंस. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, ते माझ्या डोक्यावरून गेलं. तू म्हणालीस, हे बघ, शेगडीचं बटण आहे हे. बटण बारीक झालं की वरचं काही शिजत नाही, सगळं कच्चं आणि गार. बटण मोठं झालं की सगळं करपतं, हात थरथरतात, काळीज धडधडतं. बटण किती फिरवायचं ते डॉक्टर रक्त बघून ठरवतील. आपण हात लावायचा नाही. एवढं साधं सांगितलंस की मी आजही दुसरं काही लक्षात ठेवत नाही.

आणि नियम. बाप रे, तुझे ते नियम. पहाटे, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा तासाभरानं. दूध नाही, बिस्कीट नाही, तोंडात सुपारीसुद्धा नाही. तुझी कॅल्शियमची गोळी तर तू वेगळ्याच कपाटात ठेवलेली, जेवणानंतर घ्यायची, का तर दोघी पोटात एकत्र आल्या की थायरॉईडची गोळी अंगाला लागत नाही. मी एकदा चहा पिऊन मग गोळी घेतली, तर तू फोनवर अशी बोललीस की मला शाळेत असल्यासारखं वाटलं. "चहाच्या आधी घेतली नाहीस ना? मग घेतलीस काय, नाही घेतलीस काय, सारखंच." हे वाक्य लक्षात ठेव अक्का. मी पुन्हा तिथं येणार आहे.

कोबीचं भांडण तर आपलं राहूनच गेलं. तुला कुणी तरी सांगितलं होतं की थायरॉईडवाल्यानं कोबी खायचा नाही. मी म्हणालो, डॉक्टरला विचारलंय, शिजवलेला, बेतानं खाल्लेला चालतो. तू म्हणालीस, डॉक्टर तेलुगू आहे, त्याला आपला कोबी कळत नाही. आता यावर माणसानं काय बोलायचं? शोभा कोबीची भाजी करायची तेव्हा मी मुद्दाम तुला फोन करून सांगायचो, आज कोबी आहे, दोनदा घेतला. तू फोन ठेवून द्यायचीस. परवा भाजी पानात आली आणि मला घासच जाईना. भाजीला काय धाड भरली होती, पण फोन करून चिडवायला तू नव्हतीस.

एकदा माझा रिपोर्ट नॉर्मल आला आणि मी गोळी बंद केली. तुला हसत हसत सांगितलं, बरा झालो. तू हसली नाहीस. तू स्वतः रिक्षा करून दुकानात आलीस, मिरचीनं शिंका देत देत. गल्ल्यासमोर उभी राहून, पदर बाजूला करून मला तुझा गळा दाखवलास. काळ्या मण्यांच्या पोतीखाली तो ऑपरेशनचा वण. म्हणालीस, "माझ्या गळ्यात आता ग्रंथीच उरली नाही, काढून टाकली. ही गोळी हीच माझी ग्रंथी. तुझी आहे, पण आळशी झालीय. नॉर्मल आलं ते गोळीनं आलं रे. गोळी सोडलीस तर परत तिथंच जाशील." मी दुसऱ्या दिवसापासून गोळी परत सुरू केली.

म्हणजे तुला माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. हेच मला छळतं अक्का. तू अडाणी बाई असतीस तर मी रडलो असतो आणि गप्प झालो असतो. तू अडाणी नव्हतीस.

मग आषाढात ती गाठ निघाली. डॉक्टर नेहमीप्रमाणे गळा चाचपत होते आणि त्यांची बोटं एका जागी थांबली. बस, एवढंच. सोनोग्राफी झाली. गाठ आहे म्हणाले. बहुतेक गाठी काही करत नाहीत, घाबरू नका, पण बारीक सुई घालून आतलं थोडं काढून तपासायला हवं. बहुतेक, असं ते म्हणाले. मी घरी येताना रिक्षात तो एकच शब्द घोळवत आलो. बहुतेक म्हणजे सगळ्या नाहीत.

तुला सांगितलं, फक्त तुला. आणि मग रोज पहाटे तुझं सुरू झालं.

"सुई टोचून घेतली का?"

"बघू."

"बघू म्हणजे कधी?"

"गणपती होऊ दे."

गणपती झाले, मग मी म्हणालो दसरा होऊ दे, सीझन आहे, दुकान कोण बघणार. सीझन नव्हता ग, भीती होती. तपासलं नाही तोवर ती गाठ नुसती गाठ होती. तपासली की तिला नाव मिळणार. तुला हे कळत होतं. एका पहाटे तू चिडली नाहीस. उलट शांतपणे म्हणालीस, "बरं. तू बघत नाहीस तर मी बघते." मला वाटलं टोमणा मारायलीस. मीही काहीतरी उलट बोललो आणि फोन ठेवला.

आता मागे वळून बघितलं की सगळं दिसतं, आणि दिसलं की अंगावर काटा येतो. तुझा आवाज जड झाला होता. बोलता बोलता थांबायचीस, मग पुढचा शब्द यायचा. मी म्हणायचो नेटवर्क नाही. भाऊबिजेला ओवाळताना तुझं बोट कपाळाला लागलं, ते बर्फासारखं गार होतं. भर दुपारी तू शाल घेऊन बसली होतीस. चेहरा भरलेला दिसला तर मी चिडवलं, "दिवाळीचे लाडू अंगी लागलेत." तू हसलीस, पण उशिरा. सगळे दुसऱ्या विषयावर गेले होते तेव्हा हसलीस. तो उशीर मला आता रोज ऐकू येतो. माझ्या गालावर हात ठेवून तू ओळखलं होतंस. तुझ्या गालावर हात ठेवायला तुझ्यासारखं कुणी नव्हतं घरात.

संक्रांतीच्या आसपास तुला ताप आला, छातीत कफ झाला. वैशूचा फोन आला, "मामा, आई नीट जागीच होईना. हाक मारली की डोळे उघडते आणि परत मिटते." मी पोचेपर्यंत तुला दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन पहिलाच प्रश्न विचारला, "यांची थायरॉईडची गोळी कधीपासून बंद आहे?"

मी अक्षरशः भांडलो त्यांच्याशी. म्हणालो, बंद कशी असेल? रोज पहाटे मला फोन करते ती. मला विचारते. तिच्यासारखं नेमानं गोळी घेणारं माणूस या हैदराबादेत सापडायचं नाही. त्या शांत होत्या. रक्ताचा रिपोर्ट समोर धरला. म्हणाल्या, शरीरात त्या औषधाचा अंशही उरलेला नाही. काही महिने तरी घेतलेली नसणार. अंग थंड पडलंय, हृदय हळू चाललंय, आणि वरून छातीचा संसर्ग. आम्ही शिरेतून औषध सुरू केलंय. तू जागी झाली नाहीस.

त्या खुर्चीवर बसून मी आपले सगळे फोन आठवले. तू खोटं बोललीस का माझ्याशी, हेच शोधत होतो. मी विचारायचो की ग. "आणि तू घेतलीस का?" असं रोज विचारायचो. आधी तू म्हणायचीस, "हौ, घेतली." गणपतीनंतर मात्र तू तसं म्हणालीच नव्हतीस. तू म्हणायचीस, "माझं नको बघू, तुझं बघ." मला वाटायचं, अक्काची रीत आहे, मोठी बहीण अशीच बोलणार. खोटं तू बोलली नाहीस. खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, एवढी हुशार कशाला होतीस?

तेराव्याला, पाहुण्यांची पानं उठल्यावर, वैशूनं मला देवघरापाशी बोलावलं. लाल कपड्यात बांधलेला नारळ दाखवला. रडत रडत सांगितलं, "आईनं देवीला नवस बोलला होता मामा. तुमच्या गळ्याचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत, दुपारी नैवेद्य दाखवल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. मला म्हणाली मामाला सांगू नको, तो चिडेल. पाण्याचं मला माहीत होतं. गोळीचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

मला तेव्हा एकदम सगळं समजलं, आणि समजल्यावर तिथंच भिंतीला टेकून बसलो. पहाटे पाणी नाही म्हणजे पहाटे गोळी नाही. दुपारी पाणी मिळालं की लगेच जेवण. जेवणानंतर घेतली काय, नाही घेतली काय, सारखंच. तुझंच वाक्य. तू स्वतःलाच लावलंस. आणि वैशूच्या लग्नाच्या गडबडीत आठवडाभर गोळी राहिली होती तरी तुला काही झालं नव्हतं, हे तूच मला सांगितलं होतंस. अंगातली जुनी गोळी तेवढे दिवस पुरते, म्हणून झालं नव्हतं. तुला वाटलं असणार, आपण निभावून नेऊ. दिगू आज ना उद्या सुई टोचून घेईल.

मी मुद्दाम माझ्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. पहाटे जमलंच नाही तर काय करायचं? ते म्हणाले, रात्री घ्यायची. जेवून दोन-तीन तास झाले की झोपताना, रोज त्याच वेळेला. चालतं. बंद तेवढी करायची नाही. अगदी सहज म्हणाले, पुढचा पेशंट बोलावता बोलावता. एवढंच होतं अक्का. झोपताना. तू कुणाला विचारलं असतंस, मला विचारलं असतंस, वैशूला डॉक्टरांकडे पाठवलं असतंस. तुझे नियम तुला एवढे पाठ होते की नियमाला दुसरी वाट असते हे विचारायची तुला गरजच वाटली नाही. मला तुझा राग येतो. राग आला की बरं वाटतं, कारण राग गेला की मागे भीतीच उरते.

भीती कसली ते सांगतो. रिपोर्ट वाईट आला तर? मग तू इतके महिने तहानलेली राहिलीस ते सगळं फुकट गेलं. आणि चांगला आला तर? तर बाया म्हणतील, बघा, भावासाठी जीव दिला पण नवस फळला. ते तर मला मुळीच ऐकवणार नाही. म्हणजे रिपोर्ट कसाही आला तरी मी सुटत नाही. म्हणून मी ठरवलं होतं, तपासायचीच नाही. गाठीला राहू दे तिथं. दुकानात जाऊन बसलो, मिरचीचे भाव सांगत राहिलो, आणि आतून वाटत होतं की गळ्यातली ती गाठ माझं बोलणं ऐकायली.

मग तेराव्यानंतर दोन-तीन दिवसांनी, पहाटे गोळी घेतल्यावर, हाताला सवय म्हणून मी फोन उचलला आणि वैशूला लावला. तिला दिवस गेलेत, हे तू बघून गेलीस. त्यातच तिलाही थायरॉईड निघालं, हेही तुला माहीत होतं. तुझ्याच सुरात विचारलं, "वैशू, गोळी घेतली का?"

ती म्हणाली, "माझं नका बघू मामा, तुमचं बघा."

अक्का, माझ्या हातातला फोन पडायचा राहिला. तुझाच आवाज, तुझंच वाक्य, आणि त्यामागचं जे होतं तेही तुझंच. मी चपला घालून तसाच निघालो. शोभा मागून विचारत होती, काय झालं, कुठं चाललात. रिक्षावाला म्हणाला, "क्या हुआ साब, इत्ता परेशान क्यूं होरे?" मी म्हणालो, चल, बस चल. कोठी गेलं, चादरघाटचा पूल गेला, मलकपेट आलं. दुकानांची शटरं अजून खाली होती. मी गळ्यावर हात धरून बसलो होतो, आणि पहिल्यांदाच ती भीती माझ्या गळ्याची नव्हती.

वैशू तुझ्या घरात, तुझ्या देवघरासमोर बसली होती. ओठ सुकलेले. लाल कपड्यातला नारळ तिथंच. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "आईचा नवस अर्धा राहिला मामा. अर्धा राहिलेला नवस घरात ठेवू नये म्हणतात, लेकीनं पुरा करावा. तुमचा रिपोर्ट आला की सोडते."

"आणि गोळी?"

"घेते की. आईसारखी बंद नाही केली. दुपारी जेवल्यावर घेते."

"कशासोबत?"

"रक्तवाढीची लोहाची गोळी असते ना, तिच्यासोबत. एकदमच घेऊन टाकते."

मला ओरडायचं होतं. पोटात लेकरू आहे, त्याची स्वतःची ग्रंथी अजून कामाला लागलेली नाही, ते सगळं आईच्या भरवशावर आहे, डॉक्टरांनी मुद्दाम तिची गोळी वाढवून दिलीय, आणि ही बाई ती गोळी जेवणावर, लोहासोबत घेते. लोहासोबत घेतली की अंगाला लागतच नाही, तुझ्या कॅल्शियमसारखंच. तूच असतीस तर चार गोष्टी सुनावल्या असत्यास. पण तूच तर तिला हे शिकवून गेलीस.

मी स्वयंपाकघरात गेलो. तांब्या भरला. निम्मं पाणी फरशीवर सांडलं. परत येऊन तिला म्हणालो, "हा नवस कुणाच्या नावाचा आहे?"

"तुमच्या."

"मग तो ठेवायचा का सोडायचा ते मी ठरवणार."

मी नास्तिक नाही अक्का, तुला माहीत आहे. देवीचा नारळ उचलताना मला घाम फुटला होता. लहानपणापासून ऐकलेलं सगळं आठवलं, कोप होतो, घराण्यावर येतं. तरी मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, आई, माझ्या बहिणीनं जे बोललं होतं ते मी आज इथं सोडतोय. चूक असेल तर माझ्या एकट्याच्या पदरात घाल. या पोरीकडे बघू नको. आणि नारळ फोडला. तुझ्याच उंबऱ्याच्या दगडावर. पाणी उडालं ते माझ्या विजारीवर.

वैशू घाबरून बघत होती. मी गोळी तिच्या हातावर ठेवली आणि तांब्या पुढे केला. तिनं माझ्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं. म्हणाली, "मग सुई?"

"आजच."

"शपथ?"

"तू सोबत चल."

ती प्यायली. पूर्ण तांब्या प्यायली. किती तहान लागली असेल तिला. ती पीत होती आणि मला तू दिसत होतीस, पहाटे फोन कानाला लावून माझ्याशी हसत बोलणारी, आणि जीभ कोरडी.

शोभाला फोन करून सगळं सांगितलं. थायरॉईड आहे, पित्त नाही, गाठ आहे, सुई आहे. ती म्हणाली, "थायरॉईडचं मला पहिल्यापासून माहीत आहे. पित्ताची गोळी कुणी रोज पहाटे उठून घेतं काय? माझ्या बहिणीकडे तीच बाटली आहे. म्हटलं सांगतील कधीतरी. पण गाठीचं लपवलंत, याचं नंतर बोलते. थांबा तिथं, मी येते." आपण दोघं एवढी वर्षं किती शहाणे समजत होतो स्वतःला.

सुईचं सांगू? मान मागे टाकून पडायला लावलं. उशी खांद्याखाली. गिळू नका, बोलू नका म्हणाले. मी डोळे गच्च मिटले. मुंगळा चावावा तसं झालं. परत एकदा झालं. मग डॉक्टर म्हणाले, उठा. मी विचारलं, झालं? ते म्हणाले, झालं. एवढंच होतं अक्का. मी उठून बसलो आणि हुंदके देऊन रडायला लागलो. डॉक्टरांना वाटलं दुखतंय. ते म्हणाले, पाणी प्या, साधं पाणी प्यायला हरकत नाही. त्यावर तर मला आवरेचना. बाहेर शोभा आणि वैशू बसल्या होत्या, त्या दोघी धावत आत आल्या.

तर आज दुपारी रिपोर्ट. भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? पण एक गोष्ट ठरवली. रिपोर्ट काय यायचा तो येईल, त्याच्याशी घरातल्या कुणाच्या तांब्याचा संबंध नाही. वाईट आला तर ऑपरेशन करीन, तुझ्यासारखा वण घेऊन फिरेन, बाजारात कुणी विचारलं तर सांगीन थायरॉईड आहे, हसायचं असेल तर हसा. चांगला आला तर कुणी नवस फळला म्हणालं, तर मी तिथून उठून जाईन. तुला काय म्हणायचं ते तू म्हण. तुझ्यावर माझा राग आहेच. तुझ्यामुळे मी आज उभा आहे, हेही आहेच. दोन्ही एकाच तोंडानं बोलायचं कसं ते मला जमत नाही, तू असतीस तर शिकवलं असतंस.

आता पहाटेचा फोन मी करतो. साधा नाही, चेहरा दिसतो तसला. वैशूला म्हणतो, गोळी दाखव. ती दाखवते. तोंडात टाक. टाकते. पाणी पी. पिते. मग आ कर म्हणतो, ती वैतागून आ करते, म्हणते, "मामा, मी काय लहान पोर आहे?" माझं समाधान होईपर्यंत मी फोन ठेवत नाही. लोहाची गोळी कुठं ठेवलीस? दुसऱ्या कपाटात. रात्रीच्या जेवणानंतर? हो मामा, हो.

आत्ताच तिचा फोन झाला. ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि तुमची? तुम्ही घेतली का?"

माझ्या तोंडावर आलं होतं, माझं नको बघू. अगदी ओठावर आलं होतं. आपल्या घरात हेच येतं तोंडात. मी ते गिळलं, बाटली कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणालो, "घेतली."

अक्का, एवढं एकच तुझ्याकडून ऐकायचं होतं ग.